चकाकी ओळखा, मग दिवा लावा: खडक, खनिजे आणि रत्नांचे जवळून छायाचित्रण

खडक आणि खनिजांचे जवळून छायाचित्रण करू इच्छिणारा माणूस बहुधा सर्वांत आधी भिंगाची चौकशी करतो. कोणती लेन्स घ्यावी, किती पैसे घालावेत, जुनी चालेल का, हेच त्याचे प्रश्न असतात. चित्र बिघडते ते मात्र बहुतेक वेळा उजेडामुळे. साधे भिंग आणि नीट लावलेला एक दिवा यांतून उत्तम चित्र मिळू शकते, पण महागड्या मॅक्रो लेन्सने काढलेल्या स्फटिकावर खोलीतल्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटली असेल तर त्या लेन्सचा काही उपयोग होत नाही. म्हणून या लेखात कॅमेऱ्याच्या खरेदीला थोडी जागा दिली आहे आणि उजेडाला बरीच.

बेळगाव परिसरातल्या माणसाला या छंदासाठी लांब जावे लागत नाही. शहर दख्खनच्या लाव्ह्याच्या पठाराच्या दक्षिण कडेपाशी आहे. निपाणी-चिकोडीच्या बाजूला काळा बसाल्ट आहे, तर गोकाकला घटप्रभा जिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते तिथे कलादगी समूहातील गुलाबी-पिवळसर वालुकाश्म आणि क्वार्टझाइट उघडे पडलेले आहेत. दक्षिण-पूर्वेला कित्तूर-बैलहोंगलकडे वळले की धारवाड समूहातील जुने खडक लागतात, ज्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. खानापूर-जांबोटीकडे जावे तर घराच्या भिंतींपासून शेताच्या बांधापर्यंत सगळीकडे तांबडा जांभा दिसतो. या चार खडकांचे पृष्ठभाग प्रकाशाला चार तऱ्हेने उत्तर देतात, त्यामुळे शिकण्यासाठी असा प्रदेश मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

नमुना निवडणे

सुरुवातीला दोन ते पाच सेंटिमीटरचा नमुना घ्यावा. त्याहून मोठ्या दगडाला उजेडही मोठा लागतो, आणि फार बारीक दगड घेतला तर पहिल्याच दिवशी यंत्रसामग्रीची मर्यादा आड येते. दागिने पाहण्यासाठी सराफ वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे हातभिंग सोबत ठेवावे आणि दगड दिव्याखाली हळूहळू फिरवून त्याची एक चांगली बाजू शोधावी. प्रत्येक नमुन्याला अशी एखादीच बाजू असते. स्फटिकाची टोके शाबूत आहेत का, ताज्या तुटीची पांढरी खरवड समोर येते का, हे याच वेळी पाहून घ्यावे, कारण हातभिंगातून दिसलेला दोष छायाचित्रात अधिक ठळक होऊन येतो.

बसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्सेडनी, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील (स्फटिकात पाणी धरून ठेवणाऱ्या) खनिजांचे बारीक स्फटिक सापडू शकतात. संग्रहालयांत दिसणारे स्टिल्बाइट, अॅपोफिलाइट, स्कोलेसाइट यांचे मोठे, देखणे नमुने मात्र पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींतून आणि विहिरींच्या खोदाईतून आलेले असतात. ते पाहायचे असतील तर नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे गारगोटी संग्रहालय अवश्य पाहावे. तिथल्या काचेच्या कपाटांतले दिवे कोणत्या कोनातून लावले आहेत, याचीही नोंद घ्यावी.

क्रशरवर किंवा चालू खाणीत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. सुरुंगाची वेळ कोणती हे तिथल्या कामगारांना विचारून घ्यावे आणि उभ्या कड्याखाली थांबू नये. दगड फोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि हातोडा भूशास्त्राचा किंवा गवंड्याचा असावा, कारण सुतारी हातोड्याचे कडक टोक तडकून त्याचा कपचा उडू शकतो. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यातून, तसेच किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांच्या आवारातून दगड उचलू नये. तिथे चित्र जागेवरच काढावे.

स्वच्छता

धुतलाच पाहिजे असा दगड कमी असतो. आधी हवेचा फुगा, नंतर जलरंगाचा मऊ कुंचला, आणि तेवढ्याने भागले नाही तरच पाणी, असा क्रम ठेवावा. पाणी बॅटरीसाठी विकत मिळते तसले शुद्ध पाणी असावे. बोअरवेलच्या जड पाण्याने धुतलेला स्फटिक वाळला की त्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, आणि अगदी जवळून काढलेल्या चित्रात ते ठिपके खनिजाचाच भाग असल्यासारखे वाटतात. जांभा मुळीच भिजवू नये. तो पाणी शोषतो, रंगाने गडद होतो आणि त्याचे कण सुटतात. पायराइटला ओल मानवत नाही. जिप्सम इतके मऊ आहे की त्यावर नखानेही ओरखडा उठतो.

झिओलाइट आणि त्यांच्यासोबत सापडणाऱ्या खनिजांच्या बाबतीत दोन गोष्टी कसोशीने पाळाव्यात. गंजाचे डाग काढण्यासाठी काही संग्राहक आम्ल वापरतात, पण आम्लाने झिओलाइट आणि अॅपोफिलाइट यांची पृष्ठे कायमची निस्तेज होऊ शकतात, म्हणून तो मार्ग टाळावा. ओकेनाइटच्या कापसासारख्या पांढऱ्या गोळ्यांना तर कुंचलाही लावू नये. त्यातले तंतू एकदा झोपले की पुन्हा उभे राहत नाहीत, आणि चित्रात तो गोळा भिजलेल्या कापसासारखा दिसतो.

बैठक

दगड हव्या त्या कोनात स्थिर उभा राहणे हे वाटते त्याहून कठीण काम आहे. मुलांच्या खेळण्यातली तेलकट माती पुष्कळजण वापरतात, पण सच्छिद्र दगडावर तिचा डाग उतरतो. त्याऐवजी एका उथळ वाटीत मोहरी भरावी, तिच्यावर पातळ काळे सुती कापड अंथरावे आणि त्यात दगड रुतवावा. मोहरीचे दाणे सरकून दगडाला घट्ट धरतात आणि अर्ध्या अंशाने कोन बदलायचा झाला तरी बोटाच्या हलक्या दाबाने बदलता येतो. चित्राच्या चौकटीत वाटीची कड येणार नाही एवढे पाहावे.

टेबलाखालची जमीन हलत असेल तर त्यावरची कोणतीही युक्ती कामाला येत नाही. तळमजल्यावरची खोली घ्यावी, शक्य झाल्यास कडप्प्याचा ओटा किंवा जाड फरशीचा तुकडा खाली ठेवावा आणि पंखा बंद करावा. उद्यमबागेच्या आसपास राहणाऱ्यांनी कारखान्यांची यंत्रे थांबल्यानंतरची वेळ निवडावी, हेही सांगायला हवे, कारण जड यंत्राचा कंप माणसाला जाणवत नाही पण दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो हमखास उतरतो.

पार्श्वभूमी दगडामागे २० ते ३० सेंटिमीटर दूर ठेवावी, म्हणजे ती आपोआप धूसर होते. काळे मखमल चांगले दिसते, पण त्यावरचा प्रत्येक धागा वेचावा लागतो. मला स्वतःला मध्यम करडा कागद सर्वांत भरवशाचा वाटतो. पारदर्शक स्फटिकाच्या मागे रंगीत कागद लावू नये. तो रंग स्फटिकाच्या आत शिरतो आणि बिनरंगी गारगोटी निळी असल्याचा समज करून देतो.

भिंग आणि कॅमेरा

संवेदकावर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असेल तर मोठेपणा एकास एक आहे, असे म्हणतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एकास एक मोठेपणाला साधारण काडेपेटीच्या काडीहून थोडा कमी लांबीचा तुकडा अख्खी चौकट व्यापतो. खडक आणि खनिजांच्या छंदाला बहुधा एवढे पुरते.

नवीन मॅक्रो लेन्स घ्यायची असेल तर ९० ते १०० मिलिमीटरची घ्यावी. ५० किंवा ६० मिलिमीटरच्या लेन्सने मोठेपणा तेवढाच मिळतो, परंतु ती दगडाच्या इतकी जवळ आणावी लागते की दिव्याला जागाच उरत नाही. खर्च टाळायचा असेल तर घरात असलेल्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावावी. मिळणारा जादा मोठेपणा म्हणजे नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की अर्धा आणि ५० मिलिमीटरची लावली की एकास एक. नळीत काच नसते, त्यामुळे स्वस्त नळीनेही प्रतिमेचा दर्जा घसरत नाही. तीच लेन्स उलटी बसवण्याची रिंगही मिळते. दुसरा मार्ग आहे लेन्सच्या पुढे स्क्रू करण्याच्या क्लोज-अप भिंगाचा, पण त्यात एककाचेचे स्वस्त भिंग कडांना रंगीत झालर आणते, म्हणून जोडकाचेचे घ्यावे.

मोबाइलवरही सुरुवात करता येते. अडचण अशी की काही फोनचा मॅक्रो मोड चालतो तो अगदी दोन-चार सेंटिमीटरवरून, आणि मग फोनचीच सावली दगडावर पडते. अशा वेळी फोनच्या दोन किंवा तीनपट लेन्सवर चिमट्याचे भिंग लावून थोडे दूर राहणे बरे.

उजेड

उजेडाची निवड दगडाच्या चकाकीवरून करायची असते. खनिज ओळखताना त्याची चकाकी काचेसारखी आहे, मोत्यासारखी, रेशमासारखी, धातूसारखी की मातीसारखी, हे भूशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षातच शिकतो. छायाचित्रकाराने तीच वर्गवारी दिव्याच्या जागेसाठी वापरावी.

साहित्य थोडे पुरते: मान वळणारे दोन एलईडी टेबल लॅम्प, ट्रेसिंग पेपर, पांढरे थर्मोकोल, काळा कार्डपेपर आणि नाश्त्याच्या डब्याची अॅल्युमिनियम फॉइल. दिवे एकाच जातीचे असावेत, त्यांचा प्रकाश ५००० ते ५६०० केल्विनच्या आसपास असावा आणि रंग दाखवण्याचा निर्देशांक (सीआरआय) ९५ किंवा त्याहून वर असावा. खोलीतील इतर सर्व दिवे विझवून खिडकीला पडदा लावावा, कारण खिडकीतला निळसर आणि दिव्यातला पिवळसर उजेड एकाच दगडावर मिसळला की तो रंग संगणकावरही सुधारत नाही. हॅलोजनचा तापणारा दिवा मात्र वापरू नये. लॉमोंटाइटसारखे झिओलाइट कोरड्या हवेतच पाणी गमावून भुसभुशीत होते, मग उष्णतेची गोष्टच नको.

काचेसारखी चकाकी असलेले खनिज, म्हणजे गारगोटी, अॅपोफिलाइट किंवा कॅल्साइट. या स्फटिकाचे प्रत्येक सपाट पृष्ठ आरसा असते, आणि आरशात दिसते ते समोरचे. उघडा दिवा लावला तर पृष्ठावर दिव्याचा पांढरा ठिपका दिसतो आणि बाकीचे पृष्ठ काळे राहते. म्हणून दिवा आणि दगड यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर धरावा, तोही दगडाच्या शक्य तितका जवळ, जेणेकरून दगडाला दिवा न दिसता एक मोठा पांढरा पडदा दिसेल. आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत कागद सावकाश एकेक सेंटिमीटर सरकवावा. एखाद्या जागी स्फटिकाचे एक पृष्ठ लख्ख उजळते, शेजारचे मध्यम करडे राहते आणि तिसरे अंधारात जाते. तिथेच थांबावे. स्फटिकाचा आकार डोळ्याला कळतो तो या तीन छटांच्या फरकामुळे, आणि चोहोबाजूंनी सारखा मऊ उजेड पाडणारा तयार लाइट टेंट नेमका हाच फरक पुसून टाकतो, म्हणून तो विकत घेण्याची घाई करू नये. स्फटिकाच्या कडा पार्श्वभूमीत विरघळत असतील तर दिव्याच्या विरुद्ध बाजूला काळ्या कार्डाची बोटभर पट्टी उभी करावी, म्हणजे कडेवर बारीक काळी रेघ येते आणि आकार सुटा होतो. स्फटिक फारच गडद दिसत असेल तर चौकटीत येणार नाही अशा बेताने त्याच्यामागे फॉइलचा छोटा तुकडा ठेवावा.

मोत्यासारखी चकाकी स्टिल्बाइटच्या आणि ह्यूलंडाइटच्या रुंद पृष्ठांवर, तसेच अॅपोफिलाइटच्या टोकाच्या सपाट पृष्ठावर दिसते. ती सगळीकडून दिसत नाही. दिवा ज्या कोनात पृष्ठावर पडतो त्याच कोनात विरुद्ध बाजूला परावर्तित होतो, आणि भिंग बरोबर त्या वाटेवर असेल तेव्हाच मोत्याची झाक उमटते. इथे दिवा हलवण्यापेक्षा मोहरीतला दगडच दोन-तीन अंशांनी फिरवणे सोपे पडते. झाक दिसली की दिव्यावर ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर टाकून ती सौम्य करावी, नाहीतर ती पांढरी पडून तपशील जातो.

रेशमी चकाकीचे, तंतूंचे नमुने, जसे स्कोलेसाइट किंवा मेसोलाइटचे पंखे, यांच्यावर उजेड तंतूंना आडवा टाकावा. तंतूंच्या दिशेनेच दिवा लावला तर सगळा पंखा एकसंध पांढरा दिसतो, आणि आडवा लावला की प्रत्येक सुई आपल्या सावलीसह वेगळी उभी राहते.

धातूसारखी चकाकी असलेले पायराइट, गॅलेना, मॅग्नेटाइट किंवा चमकदार हेमेटाइट हे सर्वांत हट्टी विषय आहेत. यांच्यावर थेट दिवा पडूच देऊ नये. दिवा थर्मोकोलच्या मोठ्या पांढऱ्या तक्त्याकडे वळवावा आणि दगडावर फक्त त्या तक्त्याचा परतलेला उजेड येऊ द्यावा. समोरच्या बाजूला काळे कार्ड असावे, कारण धातू हा पांढऱ्या आणि काळ्याच्या जोडीतूनच धातू वाटतो. ध्रुवक (पोलरायझर) फिल्टरचा मोह इथे आवरावा. काचेवरची, पाण्यावरची किंवा ओल्या दगडावरची झळाळी ध्रुवकाने कमी होते, धातूवरची तशी होत नाही, आणि दिव्यावर व लेन्सवर दोन्हीकडे एकमेकांना आडवे ध्रुवक लावले तर धातूची चकाकीच मरून पायराइट काळपट ढेकळासारखे दिसते. बळ्ळारी-संडूर भागातील पट्टेदार लोहदगडात तांबडा जॅस्पर आणि पोलादी हेमेटाइट शेजारी शेजारी असतात. तिथे जॅस्परसाठी कडेचा मऊ दिवा आणि हेमेटाइटसाठी थर्मोकोलचा परावर्तित उजेड, असे दोन्ही एकत्र वापरावे लागतात. परीक्षा पाहणारा, पण मनापासून आवडावा असा हा दगड आहे.

मातीसारख्या निस्तेज दगडाला, म्हणजे जांभ्याला किंवा बॉक्साइटला, परावर्तनाची भीतीच नसते, त्यामुळे येथे मऊ उजेडाची गरज नाही. उलट उघडा दिवा जमिनीला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांच्या कोनात लावावा, म्हणजे जांभ्याची छिद्रे, त्यांच्या आतल्या पिवळ्या-तांबड्या भिंती आणि कडेचे गोटीसारखे लोहकण सावल्यांसह उठून दिसतात. सावल्या फार काळ्या झाल्यास समोर थर्मोकोलचा तुकडा ठेवावा. कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मात्र बंद करावा. अख्खी चौकट तांबडी दिसली की कॅमेरा तो तांबडेपणा चूक समजून काढून टाकतो आणि खानापूरचा जांभा विटकरी न दिसता मळकट करडा दिसू लागतो.

गोकाककडील वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांनाही असाच तिरपा उजेड मानवतो, पण तुकड्याची ताजी तुटलेली बाजू घ्यावी. उघड्यावर राहिलेल्या बाजूवर धूळ आणि शेवाळ्याचा थर असतो. ताज्या तुटीवर वाळूचे कण एकमेकांत बसलेले दिसतात आणि दिवा फिरवताना त्यातला एखादा कण अचानक लखकन चमकतो. जुन्या उथळ पाण्यातील लाटांच्या खुणा खडकाच्या थरावर उमटलेल्या असतील तर तो दगड उचलायचा नसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे आणि सूर्याच्या तिरप्या किरणांतच त्या खुणांचे चित्र काढावे.

कापलेली आणि पैलू पाडलेली रत्ने हा वेगळाच प्रकार आहे. शहापूरच्या सराफ गल्लीत ओळखीच्या माणसाने एखादा खडा पाहायला दिला तर त्याला दुकानातच, मालकाच्या नजरेसमोर, चित्र काढू देण्याची विनंती करावी. खडा घरी नेण्याचा आग्रह धरू नये. खडा चिमट्याने उचलावा, बोटाने कधीच नाही. वरचा मोठा पैलू भिंगाला अगदी समोर ठेवला तर भिंगाचाच काळा गोल त्यात दिसतो, म्हणून खडा दहा-पंधरा अंश कलता ठेवावा. मऊ उजेडात रंग येतो, पण लखलख येत नाही. लखलख आणण्यासाठी मुख्य पसरट दिव्याखेरीज एक बारीक उघडा दिवाही लागतो. तारा दाखवणाऱ्या माणिकाला किंवा नीलमला, तसेच मांजरडोळा खड्याला, मात्र एकच बिंदूसारखा दिवा हवा. म्हैसूर भागातील तारा-माणिकांना पसरट उजेड दिला की त्यातला सहा किरणांचा तारा पूर्ण नाहीसा होतो. अगेट किंवा कॅल्सेडनीच्या पातळ चकत्या या सगळ्याहून सोप्या असतात, त्यांच्यामागे मोबाइलचा पांढरा पडदा लावला की पट्टे आपोआप उमटतात.

एक्स्पोजर

आयएसओ १०० ठेवावा, चित्र रॉ फॉरमॅटमध्ये घ्यावे आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने उघडावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवले की त्याचे पट्टे चित्रात येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक शटरने कंप टळतो, पण त्यात हे पट्टे अधिक सहज उमटतात, म्हणून पहिला फोटो मोठा करून तपासावा.

काळ्या बसाल्टवर पांढरे झिओलाइट ही आपल्या भागातील नेहमीची जोडी आहे आणि कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला ती हमखास चकवते. चौकटीतला बहुतेक भाग काळा असल्यामुळे कॅमेरा सगळे उजळ करू पाहतो आणि पांढरे स्फटिक जळून जातात. त्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवावे, पांढऱ्याला जपावे आणि बसाल्टचा काळोख नंतर संगणकावर थोडा उघडावा.

फोकसचे थर

जवळून पाहताना स्पष्ट दिसणारी खोली फार थोडी असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एकास एक मोठेपणाला अॅपर्चर (भिंगातले उजेडाचे छिद्र) एफ/८ ठेवले तर ती साधारण १ मिलिमीटर भरते, आणि अर्ध्या मोठेपणाला साधारण ३ मिलिमीटर. अॅपर्चर आणखी बंद करून ती वाढवावी असे प्रत्येकाला वाटते, पण एकास एकला कॅमेऱ्यावर लिहिलेले एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ एवढे होते, आणि त्याहून पुढे गेले की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळेच चित्र मऊ पडते. एफ/५.६ ते एफ/८ च्या पलीकडे जाऊ नये आणि खोली फोकस स्टॅकिंगने, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेली चित्रे जोडून, मिळवावी.

कृती अशी की कॅमेरा फोकसिंग रेलवर (कॅमेरा बारीक पायऱ्यांनी पुढेमागे सरकवण्याच्या पट्टीवर) बसवून भिंगाचे फोकस हाताने पक्के करावे, दगडाच्या सर्वांत जवळच्या टोकाच्याही थोडे अलीकडून सुरुवात करावी आणि दर चित्राला रेल थोडी पुढे सरकवत शेवटच्या टोकाच्या पलीकडे जावे. एकास एकला, एफ/५.६ वर, दर वेळी ०.३ मिलिमीटरची पायरी ठेवावी. १ सेंटिमीटर खोल पोकळीसाठी म्हणजे सुमारे ३५ चित्रे होतात. पायरी मोठी ठेवली तर जोडलेल्या चित्रात धूसर पट्टे राहतात आणि सगळी मालिका पुन्हा काढण्यावाचून दुसरा उपाय नसतो. अनेक नव्या कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंगची (कॅमेऱ्याने स्वतःच फोकस सरकवत चित्रे घेण्याची) सोय असते, ती असेल तर रेल नसली तरी चालते. मालिका पूर्ण होईपर्यंत टेबलाला हात लावू नये, खोलीचे दार उघडझाप करू नये.

चित्रे जोडण्यासाठी हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर ही विकतची सॉफ्टवेअरे चांगली आहेत, कंबाइनझेडपी विनामूल्य आहे. झिरीनमध्ये पीमॅक्स ही पद्धत एकमेकांवरून जाणाऱ्या सुयांच्या झुंबडीसाठी उत्तम, पण ती कडा अति कोरीव करते आणि रंग किंचित बदलते. डीमॅप ही पद्धत जांभ्यासारख्या सलग पृष्ठासाठी चांगली. दोन्हीने जोडून पाहावे आणि जिथे सुयांच्या कडेला भुतासारखी फिकट झालर दिसते तिथे दुसऱ्या पद्धतीच्या चित्रातला भाग रिटचने उचलून बसवावा.

संगणकावर

इथे थोडक्यात आटपावे, हेच बरे. सुरुवातीला करड्या कार्डाचे एक चित्र घेतलेले असावे, त्यावरून रंग ठरवावा, धूळ पुसावी, थोडी धार वाढवावी आणि उठावे. संपृक्तता वाढवून फिकट गुलाबी स्टिल्बाइट भडक करणे हे खनिजाशी खोटे बोलणे आहे. अमेथिस्टचा रंग वाढवून पाठवला की ज्याने तो नमुना प्रत्यक्ष पाहिला आहे तो लगेच ओळखतो.

नोंद आणि जपणूक

प्रत्येक नमुन्याचे एक चित्र मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून काढावे, भले ते प्रदर्शनात लावायचे नसो. नमुन्याला क्रमांक द्यावा आणि वहीत गाव, तालुका, खाण किंवा ओढा, तारीख, कोणत्या थरातून मिळाला, आणि चित्र काढताना दिवे कुठे होते, हे सगळे लिहावे. दिव्यांच्या जागेचा फोटो मोबाइलने काढून ठेवला तर आणखी चांगले. पुढे तसाच दगड मिळाला की अर्धा दिवस वाचतो. ठिकाण न लिहिलेला नमुना अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो, त्यामुळे बाजारातून घेतलेल्या दगडावर विक्रेत्याने सांगितलेले ठिकाण लिहिताना "विक्रेत्याच्या सांगण्यानुसार" असे शब्द जोडावेत. अमेथिस्ट उन्हात फिका पडतो, म्हणून त्याची पेटी खिडकीपासून दूर असावी.

खानापूर, कणकुंबी, जांबोटी या पट्ट्यात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की लेन्सच्या आत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. कॅमेरा आणि भिंगे चामड्याच्या बॅगेत ठेवू नयेत. रबराची कड असलेल्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवावीत, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. नारिंगी सिलिका जेल हिरवे झाले की ते जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा डब्यात टाकावे. झिओलाइटचे नमुने मात्र या डब्यात ठेवू नयेत, त्यांना त्यांच्यातले पाणी लागते. ते साध्या कागदी पेट्यांत, खालच्या खणात राहू द्यावेत.